अनोळखी लोकांची भिशी

प्लेनो, टेक्सस
१९ जानेवारी २०२५

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या नावामागे सवयीनं सौ. लिहायला गेले आणि पेन थांबलं. दुसरी जी अक्षरं लिहायची रीत आहे, ती माझ्याच्यानं लिहवत नाहीत. म्हणून नुसतं वहिनी. चालवून घे.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. परवा ऑफिसमधून निघताना हायवेवर माझ्याकडून दादाचाच नंबर लागला. आणि वहिनी, रिंग झाली! मग कुठलीशी बाई म्हणाली की मेलबॉक्स भरलाय. चार महिने झाले, तो फोन अजून का चालू आहे?

आता मुद्द्याचं. अनिकाचा मेसेज आला. बाबांच्या इन्शुरन्सचे सगळे पैसे आई त्या लकी अकाउंटमध्ये टाकणार आहे, आत्या, प्लीज टॉक टू हर, असं लिहिलंय पोरीनं. ते दादाचं क्रेडिट युनियनमधलं, म्हणजे त्या पतपेढीतलं, बक्षिसाचं खातं ना? जितके पैसे ठेवाल तितक्या चिठ्ठ्या तुमच्या नावानं सोडतीत, दर महिन्याला कुणाला पंचवीस डॉलर, वर्षातून एखाद्याला मोठी रक्कम. दादा त्याला अनोळखी लोकांची भिशी म्हणायचा. मुद्दल बुडत नाही, हे खरं. पण अगं, ती बक्षिसं आभाळातून पडत नाहीत. सगळ्यांचं व्याज काढून घ्यायचं आणि त्यातलंच थोड्यांना वाटायचं, असा तो मामला आहे. ज्याला लागत नाही त्याला जवळजवळ काहीच मिळत नाही, आणि इकडे महागाई मुद्दल कुरतडत बसते. ज्याच्या हातात पैसा टिकत नाही त्याच्यासाठी ठीक आहे, लॉटरीच्या तिकिटापेक्षा शंभरपट बरं. पण हे अनिकाच्या कॉलेजचे पैसे आहेत. ऑगस्टमध्ये पहिली फी भरायची. बँकेची चांगली सीडी, म्हणजे आपली मुदत ठेव बघ, नाहीतर सरकारी बाँड. मी इथून सगळं करून देते.

रागावू नकोस. उत्तर आलं की तुझा लोभ आहे असं समजेन.
तुझी,
नीलू


डब्लिन, ओहायो
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. नीलांबरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू अकाउंटंट, तुझ्याशी आकड्यांवरून कोण वाद घालणार! तुझं सगळं बरोबर आहे. अनिकानं चुगली केली तेही बरोबरच केलं. तरी मी पैसे तिथेच टाकणार होते. का, ते फोनवर सांगता आलं नसतं.

काल पुन्हा लागलं. पंचवीस डॉलर. तो गेल्यापासूनची ही तिसरी खेप. बक्षीस लागलं की क्रेडिट युनियनचा त्याच्या फोनवर फोन येतो. मशीनचा आवाज असतो. अभिनंदन, म्हणतो, आणि मग त्याचं नाव घेतो. अख्खं नाव, गुरुनाथ. मी सॉफ्टवेअरवाली बाई, मशीन कसं बोलतं मला का ठाऊक नाही? पण नीलू, मी किचनच्या ओट्याला धरून उभी राहते. आधीचे दोन्ही मेसेज मी ठेवलेत, कालचा मावला नसता म्हणून फोन उचलूनच ऐकला. मेलबॉक्स त्यांनी आणि त्याच्या जुन्या मेसेजेसनी भरलाय. फोन मी रोज चार्ज करते.

तूच बघ, या घरात आता त्याचं नाव कोण घेणार? अनिका बाबा म्हणते. तू दादा. ऑफिसात सगळ्यांनी त्याचा गुरू करून टाकला होता. पूर्ण नावानं हाक मारायच्या त्या फक्त सासूबाई, त्याही आता नाहीत. मी लग्नात उखाण्यात एकदा घेतलं तेवढंच. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, या तुमच्या घरच्या रीतीला मी आधी हसले, मग तीच जिभेला बसली. त्याला अहो कधी म्हटलं नाही, पण नावानंही हाक मारली नाही. अख्खा संसार ‘ऐक ना’वर झाला. तो गेल्यावर कळलं, की मी त्याला नावानं हाक मारूच शकत नाही. तोंड उघडतं आणि आवाज येत नाही.

म्हणून मला जास्त चिठ्ठ्या हव्या होत्या. तो गेल्याचं मी त्यांना कळवलेलं नाही. खातं दोघांचं असलं तरी पहिलं नाव त्याचं आहे. कळवलं की ते काढतील. मग ते मशीन माझं नाव घेईल, आणि मला माझं नाव ऐकून काय करायचंय?

अनिकाचं वाईट करतेय, हे मला कळतं. वेडी झालेय असं मात्र म्हणू नकोस. माया राहू दे.
तुझी,
हिमानी वहिनी


प्लेनो, टेक्सस
९ फेब्रुवारी २०२५

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र गाडीत बसून वाचलं. घरात केदारसमोर वाचवलं नसतं. नवऱ्यासमोर भावासाठी रडायला मला अजून लाज वाटते, काय करू.

मग काचा वर करून मी त्याचं नाव घेऊन बघितलं. मीही जन्मात घेतलं नव्हतं, दादाला नावानं हाक मारली तर आईनं पाठीत धपाटा घातला असता. म्हटलं, गुरुनाथ. वहिनी, तो आवाज माझा नव्हता. आईचा होता. जेवायला हाक मारायची ना ती, शेवटचं ‘ना’ लांबवून, तसाच्या तसा. मी मागच्या सीटकडे वळून बघितलं. कुणी नव्हतं.

तर ऐक. दादाचं नाव असं व्याजाच्या बदल्यात विकत घेऊ नकोस. ते मशीन एखाद्या महिन्यात बोलेल, तीन महिने बोलणार नाही, आणि तू ओट्याला धरून वाट बघत बसशील. पोरीचे पैसे सीडीत ठेव. क्रेडिट युनियनला जाऊन कळवून ये. हौस म्हणून पंचवीस डॉलरची भिशी तुझ्या नावानं राहू दे, दादाला आवडेल. त्याचा फोन बंद करू नकोस. फक्त मेलबॉक्समध्ये थोडी जागा कर. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी त्या नंबरवर त्याचं नाव घेईन. सोडत नाही, नशीब नाही. दर महिन्याला.

लोभाचं तुला वेगळं काय लिहू? मेलबॉक्स रिकामा कर.
तुझी,
नीलू


डब्लिन, ओहायो
२ मार्च २०२५

चि. सौ. नीलूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात जाऊन आले. बरोबर अनिका होती. काउंटरवरच्या मुलीनं दाखला बघितला, हळहळली, आणि म्हणाली की मृत व्यक्तीचं नाव तुमच्या तोंडून कन्फर्म करावं लागेल. अनिका पटकन सांगायला लागली. मी तिचा हात दाबला. जरा वेळ लागला, पण सांगितलं. अख्खं. अनिका माझ्याकडे बघतच राहिली, तिनं ते माझ्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं. त्या मुलीनं कीबोर्डवर काहीतरी दाबलं आणि तो खात्यातून गेला. इतकं सोपं असतं. पार्किंगमध्ये मी खूप रडले. तू सांगितलेली सीडी केली आहे. फीची काळजी मिटली.

मशीनचे मेसेज पुसले. त्याच्या जुन्यांना हात लावला नाही.

काल पहिली तारीख. संध्याकाळी ताटं घेत होते, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तुझा नंबर दिसला. ठरल्याप्रमाणे मी उचलला नाही. मग मेसेज स्पीकरवर लावला. नीलू, तू खरं लिहिलं होतंस. त्या सासूबाईच होत्या. तशीच जेवायची हाक, तसंच लांबवलेलं.

नंतर बघितलं तर टेबलावर तीन ताटं होती. तिसरं मी कधी मांडलं, मला आठवत नाही. अनिकाला दिसलं. वाटलं, आता ही उचलेल, नाहीतर इंग्लिशमध्ये काहीतरी समजावेल. तिनं तो जेवायला ज्या जिन्यानं उतरायचा तिकडे एकदा बघितलं, आणि त्या ताटाशेजारच्या पेल्यात पाणी ओतलं.

लोभ आहेच. पुढच्या पहिल्या तारखेलाही असू दे.
तुझी,
हिमानी वहिनी