मागचा कचरा

मंगळ., ९ जाने.
स्टुडिओत क्रीडा संमेलनांचा हंगाम. सकाळपासून एकच काम: धावणारी पोरं ठेवायची, मागचं सगळं काढायचं. आज काढलेलं: मुतारीची भिंत, रचलेल्या धानाचे दोन पुंजणे, मोटारसायकली, फोटोत घुसलेली एक शेळी. त्या जागी हिरवं मैदान. राजूभाऊंच्या भाषेत हा सगळा ‘मागचा कचरा’. स्टुडिओ त्यांचा, कॅमेरा त्यांचा, कॉम्प्युटरवर मी.
जाता जाता म्हणाले, उद्या आंधळगावच्या शाळेचे खेळ आहेत. माझा हात माऊसवर तसाच राहिला. लेकीची, तनूची शाळा. सव्वादोन वर्षं झाली. दिवाळीला बापाने नेली ती परत पाठवलीच नाही. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत ती तिकडेच. महिन्यातून एक शनिवार भेट, तीही आणली तर, आणि तिकडच्या आजीच्या पहाऱ्यात. शाळेत जाणार नाही असं मी लिहून दिलंय. तेव्हा वाटलं होतं, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे.

बुध., १० जाने.
दाढ दुखते म्हणून सांगितलं आणि आंधळगावची बस धरली. लिहून दिलेलं सगळं बसभर आठवत होतं, मधे कुठे उतरले मात्र नाही.
मैदानाच्या मागे तारेचं कुंपण आहे, तिथे उभी राहिले. तोंडाला स्कार्फ. राजूभाऊ कॅमेरा घेऊन खो-खोच्या खांबाजवळ, त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून अर्धा वेळ बाभळीच्या आड. खो-खो सुरू झाला. तनू तिसऱ्या चौकोनात बसलेली, तोंड माझ्याकडे. केस कापलेत कोणी तरी. उंच झालीय. मला तिला ओळखायला क्षणभर लागला, हे कुणाला सांगू?
स्कार्फ मीच खाली केला. कशाला केला? एवढंच वाटलं, एकदा बघू दे.
मागून पोरीने खो दिला. तनू उठलीच नाही. सगळ्या ओरडल्या, मग उठली, पण वेळ गेली होती. बाईंनी तिला झापलं असणार. मी पळत बसस्टँड गाठलं.
तिने मला पाहिलं की नुसतीच बावचळली? अड्याळला घरी पोचेपर्यंत दुसरं काही सुचलं नाही. आईने विचारलं दाढ कशी आहे. बरी आहे म्हटलं.

शुक्र., १२ जाने.
आंधळगावचे फोटो आज हातात आले. शंभराव्याच्या आसपास तो फोटो. राजूभाऊंनी खांबाकडून घेतलाय, त्यामुळे तनू बाजूने दिसते. पाठीवर खो देणाऱ्या पोरीचा हात, आणि तनू मान ताठ करून बघतेय. उजव्या कडेला कुंपण, कुंपणामागे एक बाई, बोटाएवढी, स्कार्फ हनुवटीखाली. मी.
पाहिलं होतं तिने. पाहिलं होतं.
तेवढ्यात राजूभाऊ मागे उभे. हेडमास्तरांना हाच पाहिजे, २६ जानेवारीच्या फ्लेक्ससाठी, कारण खो देतानाचा फोटो असा मिळत नाही म्हणे. मग कडेला बोट ठेवलं. “ते बाई काढून टाक. कोण आहे कोण जाणे.”
फ्लेक्स गावाच्या चौकात लागणार, तिचा बाप बघणार, त्याचा वकील बघणार. मी काढलं. चार मिनिटांत. कुंपणाच्या तारा पुढे ओढून घेतल्या, बाभूळ थोडी रुंद केली. आणि हाताच्या सवयीने त्याच फाईलवर सेव्ह केलं, रोज करते तसं. रोज शे-दीडशे फोटो असतात, दोन-दोन प्रती कोण ठेवतो?
सुटले असं वाटलं. खरंच तसं वाटलं, लाज वाटते लिहायला.

सोम., १५ जाने.
वकीलबाईंकडे. २४ ची तारीख. समोरच्यांचं म्हणणं, मुलीलाच आई नको आहे. मागच्या तारखेला जजसाहेबांनी विचारलं तेव्हा तनू खाली मान घालून बसली, एक शब्द नाही, ते त्यांनी धरून ठेवलंय. वकीलबाई म्हणाल्या, तिला तुम्ही हव्या आहात असं दाखवणारं काही तरी द्या. चिठ्ठी, फोटो, काहीही.
मी म्हटलं, नाही काही.
जिन्यावर आले. तिथेच बसले. होतं ना. शुक्रवारी सकाळपर्यंत होतं.

मंगळ., १६ जाने.
सगळं उलटंपालटं केलं. फोल्डर, डिलीट केलेल्या फाईली, पेनड्राइव्ह. कॅमेऱ्याचं कार्ड पुसून त्यावर दिघोरीच्या शाळेची लंगडी भरली आहे. हरवलेले फोटो परत आणणारं सॉफ्टवेअर टाकलं तर आंधळगावच्या फोटोंच्या नुसत्या पट्ट्या आल्या, अर्धं डोकं, अर्धा खांब.
शेवटी राजूभाऊंना सांगितलं. सगळंच. दाढसुद्धा. ते लेन्स पुसायला लागले.
“काहून नाही सांगतलं मले? मी काय परका आहो?”
त्यांच्याजवळ चार वर्षं काम करतेय आणि तरी वाटलं, त्यांनाही कळू नये.
मग म्हणाले, रडू नको, तुले काढता येते तर बसवताही येते. तोच स्कार्फ घालून ये.

गुरु., १८ जाने.
स्टुडिओमागच्या भिंतीजवळ अकराच्या उन्हात उभी राहिले. राजूभाऊंनी दहा-बारा फोटो घेतले. मी स्वतःला कापलं, कुंपणाच्या खांबाला माप धरून लहान केलं, सावली डावीकडे टाकली, थोडी धूळ. बेमालूम बसलं. माझं इतकं चांगलं काम आजवर झालं नसेल.
आणि बघवत नाही. तेव्हा माझा हात तारेवर होता का? उजवा की डावा? आठवत नाही. घडलेलीच गोष्ट, तिची मी नक्कल केली, आणि आता खरी होती की नाही असं मलाच होतंय. समोरचा वकील विचारेल, फोटो कोणी काढला, कोणाच्या कॉम्प्युटरवर होता, तुम्ही काम काय करता?
राजूभाऊ म्हणतात, कोण ओळखून राहिलं. मी तर ओळखते.

शनि., २० जाने.
भेटीचा शनिवार. आणतील असं वाटलं नव्हतं, पण आणली. तीच खोली, तीच बाकं. आजी मध्ये बसलेली. तनूने खाऊ घेतला नाही. अभ्यास कसा चाललाय विचारलं, मान हलवली. खो-खो खेळतेस का विचारलं तर आजीच म्हणाली, “हारवलं हिनं सगळ्यायले. ध्यानच नसते पोरीचं.”
तनू नखं खरवडत बसली. तास संपला. आजी चपला घालायला वाकली, तेवढ्यात तनू माझ्या जवळून गेली आणि हळूच म्हणाली, “आज स्कार्फ नाही आणला काय तू?”
बस्स. वर बघितलंसुद्धा नाही. गेली.
मी बाकावर बसूनच राहिले. शिपायाने येऊन खोली बंद करायची आहे सांगितलं. हरली ती माझ्यामुळे, बोलणी खाल्ली माझ्यामुळे, आणि दहा दिवस कुणाला सांगितलं नाही. नऊ वर्षांची पोर. तिने पाहिलेलं मी चार मिनिटांत पुसून टाकलं, आणि ती अशी.

मंगळ., २३ जाने.
हेडमास्तरांचा फोन स्पीकरवर. फ्लेक्स छान आहे, फक्त एक करा. “ते पोरगी भलतीकडेच पाहून राहिली. तिचे डोळे समोर करता येईन का?” राजूभाऊ माझ्याकडे बघत होते.
आजवर या खुर्चीत बसून कशालाच नाही म्हटलं नव्हतं. आज म्हटलं. डोळे तसेच राहतील.
स्वतःला बसवलेली फाईल मीच उडवली. राजूभाऊ थांब थांब म्हणेपर्यंत गेली. मग दुसरी, मला पुसलेली, मोठ्या कागदावर काढून घेतली. मैदान, पाठीवरचा हात, तनूची मान, आणि समोर रिकामं कुंपण. वकीलबाईंना दाखवली. मी तिथे गेले होते, लिहून दिलेलं मोडलं, स्वतःला मीच काढलं, सगळं सांगणार असंही सांगितलं. त्या कपाळाला हात लावून बसल्या. म्हणाल्या, हे उलटलं तर भेटीचा शनिवारसुद्धा जाईल, कळतंय ना?
कळतंय. जेवण गेलं नाही. आईने दोनदा विचारलं.
उद्या अकरा वाजता कोर्टात. साहेबांना एवढंच म्हणणार, हा फोटो तिच्या समोर ठेवा आणि विचारा, ती कोणाकडे बघतेय. आजीला बाहेर ठेवून विचारा.
बोलली तर बोलली. नाही बोलली तर फोटोत नुसतं कुंपण आहे, आणि ते मीच केलंय.
स्कार्फ धुऊन वाळत घातलाय. सकाळपर्यंत वाळायला हवा.