पोवळ्यांचे उपासाचे महिने

मंडपम, रामेश्वरजवळ
४ डिसेंबर १९७२

ती. रतनअक्कास,
धाकट्या कानिफचा साष्टांग नमस्कार.

माझी तब्येत चांगली आहे. इथे भात पोटभर मिळतो. मुलं शाळेत जातात ना?

तू विचारलं होतंस, समुद्रावर काय करतोस. इथे मऊ पोवळी असतात. झुडपासारखी दिसतात, पण ते प्राणी आहेत. पाण्यात खाणं असलं की बारीक हात पसरून टिपतात. खाणं नसलेल्या उपासाच्या महिन्यांत हात मिटतात आणि अंगातल्या चरबीवर जगतात. ती चरबी मी दर महिन्याला मोजतो. यंदा एकाची चरबी पार संपली, तरी रंग तसाच होता. आठवडाभरात ते विरघळून गेलं.

ते विरघळलं त्याच दिवशी तुझ्या शेजारच्या गनीभाईंचं कार्ड आलं. "अक्का लई वाळली हाय. खडी फोडताना चक्कर येऊन पडली. कामावर खायला मिळालेली सुकडी पदरात बांधून पोरांना नेती." तुझ्या पत्रात मात्र सगळं बरं होतं.

मी आमच्या संशोधन केंद्रातल्या सरांकडे रजा मागितली. ते म्हणाले, "एक महिना मोजणी चुकली, तर वर्षाचं काम वाया जाईल."

मी म्हणालो, "जाऊ द्या, सर. आई गेल्यावर अक्कानंच मला वाढवलं."

त्यांनी अर्जावर सही केली.

पुढच्या शनिवारी निघतो, मंगळवारपर्यंत सुप्याला पोचेन. तोवर दुष्काळी कामावर जाऊ नकोस. आणि अक्का, पत्रात खोटं लिहू नकोस. इतक्या लांबून मला तू दिसत नाहीस.

तुझाच,
कानिफ