दुसऱ्या कुलपाची चावी

रविवार, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक, तुम्हीही असाल असं धरून चालते. वहिनीची पाठ कशी आहे? तिला म्हणावं, घरात तुझ्यासारखा धडधाकट प्लंबर सध्या शनिवार-रविवार नुसता बसून असतो, त्याला बादल्या उचलायला लाव.

समोर येऊन बोलले असते. पण तू मधेच बोलतोस, मग मी रडते, आणि तू म्हणतोस, "बघा, कोरडी ओली झाली!" कागदावर तुला मधे बोलता येणार नाही.

आधी आपल्या रग्बी क्लबची खबर. काल आपली तेरा वर्षांखालची पोरं हरली, पण थाटात हरली. तू जिला बुलडोझर म्हणतोस त्या पोरीनं आपल्या दुप्पट पोराला कमरेत धरून आडवं केलं आणि उठताना त्यालाच विचारलं, "लागलं का रे?" जर्सी धुवायला घेतल्या तर खिशा-मोज्यांतून दातांवर चढवायचे तीन माउथगार्ड निघाले, एकाला अर्धं चॉकलेट चिकटलेलं. दिवसभर दवाखान्यात लोकांच्या कवळ्या घासायच्या आणि घरी आल्यावर हे. तुझ्या जागी आलेला नवा शिकवणारा चांगला आहे, पण ओरडत नाही. पोरांना चुकल्याचुकल्यासारखं होतं.

वहिनीनं फोनवर सांगितलं, समितीचं पत्र आलं. चौकशीत वावगं काही निघालं नाही, तेव्हा मुलांच्या सुरक्षेचा वर्ग पुन्हा करून शनिवारपासून मैदानावर यावं. आणि तू म्हणालास, "ज्यानं माझं नाव कळवलं त्याचं तोंड बघणार नाही, आणि त्या मैदानात पाय ठेवणार नाही." शिवाय तो बेकरीवालाच, हेही तू ठरवून टाकलंस, कारण त्याच्या पोराला तू राखीव बसवलं होतंस. सहा आठवडे त्याचं दुकान सोडून कुठून तरी दगडासारखा पाव आणतोस म्हणे. वहिनीच्या दातांचा तरी विचार कर.

दादा, तो बेकरीवाला नाही. परवा तो बिचारा मला विचारत होता, "ताई, माझं काही चुकलं का? तुमचे दादा मला बघून रस्ता ओलांडतात." मला मान वर करता आली नाही.

फाटकाला दोन कुलपं लावायची ही कल्पना तुझीच. एक चावी तुझ्याकडे, एक माझ्याकडे, म्हणजे शेवटचं मूल घरी जाईपर्यंत दोन मोठी माणसं थांबायलाच हवीत. पालकांच्या सभेत तू म्हणाला होतास, "माझ्यावर विश्वास ठेवू नका, कुलपांवर ठेवा." सगळे हसले होते. मी मागच्या बाकावर होते आणि मला तुझा फार अभिमान वाटला होता.

त्या गुरुवारी मला ताप होता. तू म्हणालास, "चावी दे इकडे आणि घरी जाऊन झोप." मी दिली. बुलडोझरच्या आईची हॉस्पिटलातली ड्यूटी लांबली, तू वाट बघितलीस, आणि शेवटी पोरीला गाडीत घालून घरी सोडलंस. एकट्यानं. दुसऱ्या दिवशी तिची आई दवाखान्यात आली ती तक्रार करायला नव्हे, आभार मानायला. म्हणाली, "तुमच्या दादांसारखी देवमाणसं आहेत म्हणून मी बिनघोर कामाला जाते."

दादा, तुझं नाव कळवणारा तो कागद मी लिहिला.

क्लबात मुलांच्या सुरक्षेचं काम माझ्याकडे आहे, आणि तू भाऊ म्हणून चौकशी माझ्या हातात न ठेवता वरच्या समितीकडे पाठवली. त्या कागदात पहिलं नाव माझं आहे, चावी हातची सोडली म्हणून. दुसरं तुझं. मलाही लेखी समज मिळाली. कळवणाऱ्याचं नाव ते सांगत नाहीत, आणि त्या आडोशाला मी सहा आठवडे भित्र्यासारखी बसले.

तुझ्यावर संशय? तिळभरही नाही. पण 'देवमाणूस' हा शब्द ऐकला आणि त्याच रात्री मी तो कागद लिहायला बसले.

आपले पोहण्याचे सर आठवतात? आईबाबा कामावर, तू कॉलेजात, आणि ते मला गाडीतून घरी सोडायचे. सगळी गल्ली त्यांना देवमाणूस म्हणायची. मी बारा वर्षांची होते. घर यायच्या आधी ती गाडी एका ठिकाणी थांबायची. याहून जास्त मला अजून लिहिता येत नाही. मी पोहणं सोडलं आणि घरी सांगितलं, पाण्याची भीती वाटते. तेव्हापासून तू मला कोरडी म्हणतोस. लाडानं म्हणतोस हे मला माहीत आहे, म्हणून तर मीही हसत तीच सही करत आले.

तुझा काही दोष नाही. तुला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या गाडीत आणखी एक मोठं माणूस असायला हवं होतं, एवढंच मला वाटत राहतं. चांगल्या माणसाला आपण सूट देतो, आणि चांगुलपणाचं सोंग घेतलेला त्याच वाटेनं आत येतो. उद्या कुणी बुलडोझरला म्हणालं, "चल, सोडतो," तर तिला ठणकावून सांगता आलं पाहिजे, "आमच्या दादांनासुद्धा चालत नाही." तुझं नाव घेऊन तिला नाही म्हणता यावं, यासाठी मी तुझं नाव लिहिलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लिहीन, आणि पुन्हा रडेन.

नव्या शिकवणाऱ्यानं तुझी चावी परत केली, ती पाकिटात घातली आहे. शनिवारी साडेतीनला माझं कुलूप मी उघडेन. तुझं तू. तोवर पोरं फाटकाबाहेर उभी राहतील, आणि मीही. माझं तोंड बघवणार नसेल तर चावी बेकरीवाल्याकडे ठेव, आणि ठेवताना त्याच्याकडून एक पाव घे.

वहिनीलाही हे पत्र वाचायला दे, म्हणजे मला दुसऱ्यांदा सांगावं लागणार नाही. आणि दादा, ते नाव आता पुरे.

तुझीच,
धाकटी बहीण