देवडीतल्या डेगी

२ मे
आजपासून देवडीतली एकही वस्तू बाहेर जाणार नाही. फायनल.
हातगाडीवर भंगार गोळा करणारा मी, नूरमहंमद, आज सरदारांच्या हवेलीचा मालक. तांब्या-पितळेची जी भांडी वितळवायला मन झालं नाही, ती दारातून शिरल्या-शिरल्या देवडीत मांडली. दहा तारखेला वारसा समितीच्या निकिता मॅडम बघायला येणार. पास झालो तर संग्रहालय. नापास झालो तर तिथे सोफा, असं आमच्या बायकोने, शकिलाने, बजावलंय. जावयाला बसवायचं कुठं, डेगेत?

४ मे, सकाळ
रंगनाथ आला. पोरीचं लग्न. तीन डेगी पाहिजेत. मी ठाम. म्हटलं, ही आता भांडी नाहीत, एक्झिबिट आहेत. म्हणाला, असू द्या की चाचा, भात शिजतो न्हवं त्यात?
बाहेर जाऊन टेम्पोवाल्याला हळूच सांगत होता, थांब जरा, लग्नघराला चाचा न्हाई म्हनत न्हाईत. टिचकीवर तांबं ओळखणारे कान माझे. सगळं ऐकू येतं.

दुपार
दोनच दिल्या. म्हणजे ठाम राहिलो.

६ मे
लंकाबाईच्या नातवाचं बारसं. घंगाळ गेलं. फैयाजकडे पोराच्या लग्नाची दावत, वलीमा. उरलेली डेग आणि पराती गेल्या.
देवडी मोकळी दिसते. मोठ्या म्युझियममध्ये अशीच मांडणी असते.

९ मे, संध्याकाळ
एक पानदान उरलंय. सगळ्यांना फोन केले. सगळे म्हणतात, सकाळी आणतो. शकिला टेप घेऊन भिंत मोजतेय.

१० मे, सकाळी ९
टेम्पो रिव्हर्स घेतल्याचा आवाज. रंगनाथच! मागोमाग लंकाबाई, फैयाज. सगळं आलं. मला खात्री होतीच.

९.२०
मागून नेलेलं भांडं कुणी रिकामं परत करत नाही, हे विसरलो. एका डेगेत बुंदी, दुसरीत मसालेभात, तिसरीत बिर्याणी, घंगाळात घुगऱ्या, परातीत जर्दा, म्हणजे केशरी गोड भात. ओतून घ्यायला घरात तेवढी भांडी नाहीत. मॅडमची गाडी वाजली.

दुपार
मॅडमनी डेगेचा इतिहास विचारला. मी सुरुवात करतो तोवर शकिलाने त्यांच्या हातात ताट दिलं. मग रंगनाथ, लंकाबाई, फैयाज, टेम्पोवाला, सगळेच देवडीत पंगतीला. मॅडमनी जर्दा दोनदा घेतला. पास समजायचं.

१३ मे
मॅडमचा फोन. वस्तू नेहमीच्या वापरात आहेत, संग्रहालय म्हणता येणार नाही. आवाज ओशाळलेला होता. म्हणजे अपिलाला जागा आहे. तेच बोलणार, तर त्यांनी विचारलं, भावाचं लग्न आहे, मोठी डेग चोवीसला मोकळी आहे का?
साफ नाही म्हणणार होतो. शकिला आतल्या खोलीतून म्हणाली, त्यांना म्हणावं, सोफा उतरवला की त्याच टेम्पोत पाठवते.