फास्ट म्हणजे उपास

सोम. ६
उद्या दौंडला आबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, हर्नियाचं ऑपरेशन. हॉस्पिटलचा मेसेज आला, इंग्रजीत. नवरा, संतोष, कंपनीत. आबांनी आपला मोबाईल माझ्यापुढं धरला, "सूनबाई, काय म्हंत्यात?" पेशंट टु फास्ट. रिपोर्ट ७ ए.एम. म्हटलं, "लवकर बोलावलंय, सातच्या आत." माझ्या इंग्रजीच्या ट्यूशनची पोरं समोर, जरा ऐटीतच सांगितलं.

मंगळ. ७
पहाटे संतोष गाडी आणायला गेला, तेवढ्यात मी आबांना दोन दशम्या आन् दूध दिलं. आग्रह करून.
हॉस्पिटलात सिस्टरनं विचारलं, "काही खाल्लंय का?"
"व्हय. दशम्या."
"अहो, उपाशी या असं मेसेजमध्ये होतं ना?"
आबांच्या मोबाईलवर मेसेज पुन्हा पाहिला. फास्ट. जलद नव्हे, उपाशी. ऑपरेशन रद्द, पुढची तारीख पंधरा दिवसांनी.
संतोष आबांवर ओरडला, सगळ्यांसमोर. "एक दिवस पोटाला धीर न्हाई?" मी तोंड उघडणार, तोच आबा म्हणाले, "सूनबाईनं सांगितलं व्हतं. मीच इसारलो."
मी मोबाईल आबांना परत दिला. शिरूरला घरी येईपर्यंत खरं सांगितलं नाही.

बुध. ८
डिक्शनरी काढली. फास्ट: जलद. घट्ट. पक्का (रंग). उपास करणे. चारही अर्थ कॉलेजात पाठ होते. मग लक्षात का...
ट्यूशनला एक पोरगी म्हणाली, "मॅडम, माझा भाऊ गणितात फास्ट हाय." मी पुढचा धडा काढला.

शनि. ११
राहू गावाहून नणंदेचा फोन, स्पीकरवर. "आबा, दशम्यांपायी ऑपरेशन घालवलंत व्हय!" हसली. आबाही हसले. उठताना मात्र जांघ दाबून धरली.
हल्ली अर्धीच भाकरी खातात. वाढायला गेले की ताटावर हात आडवा. "भूकच न्हाई गं."
त्यांना एकटं गाठून म्हटलं, "आबा, चूक माझी होती."
"ठावं हाय. तुजं त्वांड बघितलं व्हतं."
"मग खोटं का बोललात?"
"तुज्याकडं पोरं शिकाया येत्यात."


सोम. २०
परवा ऑपरेशन. नवा मेसेज. आबांनी परत माझ्याकडंच मोबाईल दिला. शब्द न् शब्द तपासला, मग हॉस्पिटलला फोन करून मराठीत विचारलं. आदल्या रात्रीपासून काही खायचं नाही.
संतोष फर्स्ट शिफ्टहून आला. बूट काढता काढता आबांना म्हणाला, "या वेळी तरी तोंडाला कुलूप लावा." आबांनी मान हलवली.
मी म्हटलं, "संतोष, त्या दिवशीचं..."
"काय?"
आबा माझ्याकडं बघतायत. बाहेर पोरं चपला काढतायत, "मॅडम, येऊ का?"
पोरांना म्हटलं, थांबा जरा, आन् परत संतोषकडं वळले.