बिनसावलीचा गृहस्थ आणि तुमचे बंधुराज

ती. वन्संना शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समजा. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरीणबाईंनी खाली वाकायला मनाई केली आहे.) तुमचे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून कुरकुरतात का? इकडे सर्व ठीक. माझा डोळा लाल झाला होता तो आता निवळला. वाचायला बंदी घातली होती, लिहिण्याबद्दल बाई काही बोलल्या नव्हत्या, म्हणून लिहायला बसले आहे.

तुम्ही कादंबऱ्यांची पिशवी पाठवलीत ती नेमकी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. उपाशी माणसापुढे ताट वाढून त्याचे हात बांधावेत तशी माझी गत झाली. पहिले चार भाग मी तुमच्याकडे राहायला आले होते तेव्हाच वाचलेले. तो बिनसावलीचा तीनशे वर्षांचा गृहस्थ, ज्याला कुणी ‘ये’ म्हटल्याशिवाय घराचा उंबरा ओलांडता येत नाही, आणि ती कुलपं दुरुस्त करणारी पोरगी, जी गावातलं कुठलंही दार उघडते पण त्याला मेली ‘ये’ म्हणत नाही. पाचव्या भागात ती म्हणते की नाही, हे कळल्याशिवाय मला अन्न गोड लागेना. शेवटी तुमच्या बंधुराजांनाच गळ घातली. त्यांनी मुखपृष्ठावरच्या केस मोकळे सोडलेल्या बाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, “बंदी उठेपर्यंतच हं. त्यानंतर तू जाण आणि तुझं पुस्तक जाणे.”

आता तुमच्या भावाचं वाचन म्हणजे काय ते तुम्हाला मी काय सांगावं. सारी नोकरी विजेच्या मीटरचे आकडे वाचण्यात गेली. जिन्याखालच्या कपाटात बॅटरी मारायची, आकडा मोठ्यानं म्हणायचा, सोबतच्या कारकुनानं तो लिहून घ्यायचा, आणि खात्रीसाठी पुन्हा तोच आकडा म्हणायचा. नोकरी सुटली पण ही सवय सुटली नाही. औषधाच्या बाटलीवरचं नावसुद्धा दोनदा वाचतात. त्यामुळे माझ्या कानावर कादंबरी पडली ती अशी : ‘त्याच्या डोळ्यांत वादळ होतं. त्याच्या डोळ्यांत वादळ होतं.’ सूर असा की कारकुनानं वादळाचे युनिट लिहून घ्यावेत. खिडकी उघडी असायची. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंनी ‘तुझ्या मानेवरून माझी नजर हटत नाही’ हे एका दमात दोनदा ऐकलं आणि गळ्यातली टेप तशीच ठेवून त्या धापा टाकत वर आल्या. “वहिनी, सगळं ठीक आहे ना?” म्हणाल्या. आता त्या काजं करायचे शर्ट घेऊन रोज संध्याकाळी आमच्याकडेच बसतात.

यांचे आक्षेप वेगळेच. प्रेमाबद्दल अवाक्षर नाही. पण त्या गृहस्थाच्या ओसाड वाड्यात शंभर दिवे जळतात असं आलं आणि हे थांबलेच. मीटर कुठे आहे, याचा शोध घ्यायला मागची पानं चाळून आले. कुठेच उल्लेख नाही म्हटल्यावर “चोरून घेतो वीज” असा निकाल देऊन मोकळे झाले. (मला स्वतःला वेगळंच कुतूहल होतं. सावली नाही म्हणजे आरशातही दिसत नसेल, मग दाढी इतकी गुळगुळीत कशी? याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर कळवा.) पण वन्सं, सातव्या भागात दिव्यांचा उल्लेख पुन्हा आला तेव्हा हे पुस्तक मांडीवर ठेवून म्हणाले, “एकट्या माणसाला लागतात जास्त दिवे.” एवढंच बोलले आणि पुढे वाचू लागले. इतकी वर्षं संसार केला, पण मला त्यांच्याकडे वळून पाहावंसं वाटलं.

मधेच मला एक शंका येऊ लागली. मेणबत्ती लावलेली असे, दोघं जवळ आलेली असत, पान उलटल्याचा आवाज होई आणि एकदम ‘सकाळी पाऊस होता.’ दरम्यान मेणबत्ती संपलेली, तिची शाल खुर्चीवरून जमिनीवर आलेली आणि ती विनाकारण हसत असलेली. मेणबत्ती आणि पाऊस यांच्यामध्ये काय होतं ते न कळण्याइतकी मी दूधखुळी नाही, पण लेखिकाबाईंनी मेहनतीनं लिहिलेलं वाया का घालवायचं? विचारलं तर म्हणतात, तेवढ्या पानावर शाई पुसट आहे. प्रत्येक भागात, नेमक्या तेवढ्याच पानावर. शिवणवाल्या बाईंनी दोरा दातानं तोडला आणि मान खाली घातली.

मग एक दिवस दुपारी मी पडले होते. स्वयंपाकघरातून कुजबुज ऐकू आली. उठून दाराआड उभी राहिले, तर तुमचे बंधुराज ओट्याला टेकून पुसट शाईची पानं वाचत होते. अडखळत होते, मागे जात होते, पुन्हा म्हणत होते. (शेगडीवरचं दूध याच दिवशी उतू गेलं. ओट्यावर सांडलेलं पाहून मांजराला उगाच बोलणी बसली.) त्या संध्याकाळी शिवणवाल्या बाई आल्या नव्हत्या. हे वाचायला बसले आणि त्या पानाशी आले. ‘मी तीनशे वर्षं कुणाची वाट पाहत होतो, ते मला तू आल्यावर कळलं.’ एकदाच म्हणाले. दुसऱ्यांदा नाही. आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. माझा जीव कसा झाला म्हणून सांगू. मी म्हटलं, “नीट ऐकू नाही आलं.” मग पुन्हा म्हणावंच लागलं त्यांना.

आठवा भाग काल संपला. तो भर पावसात उंबऱ्याबाहेर उभा आहे, ती दार उघडते, तोंड उघडते, आणि पुस्तक संपतं. माणसाला इतकं छळावं का? घरातल्या लहानग्यांना पापे, मोठ्यांना नमस्कार आणि तुमच्या गुडघ्यांना सबुरी.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. : नववा भाग पिशवीत नव्हता. तुम्ही वाचत असाल तर लवकर संपवा. जेवताना वाचा.

पुन्हा ता. क. : अक्षर ओळीत आलेलं पाहून तुम्ही ओळखलंच असेल. डॉक्टरीणबाईंनी बंदी गेल्या आठवड्यातच उठवली. हे तेव्हा बाहेर बाकावर बसले होते, त्यांना मी सांगितलेलं नाही. सांगितलं तर पुस्तक माझ्या हातात देऊन मोकळे होतील. पूर्वी खोलीत शिरताना साधं खाकरतही नसत. हल्ली पुस्तक घेऊन दारात उभे राहतात आणि विचारतात, “येऊ का?” मी ‘या’ म्हणेपर्यंत थांबतात. म्हणून विनवणी, फोनवर यांच्याशी डोळ्याचा विषय निघाला तर ‘अजून बंदीच आहे’ एवढंच म्हणा.

ताई, ही पोस्टाचं तिकीट मागायला खालच्या बाईंकडे गेली आहे. पाकीट उघडं होतं आणि समोर अक्षर दिसलं की वाचायची माझी खोड तुला ठाऊक आहे. बंदी उठल्याचं डॉक्टरीणबाईंनी मला त्याच दिवशी औषधाचा कागद देताना सांगितलं होतं. हिला हे कळू देऊ नकोस. पाकीट मीच चिकटवतो. नववा भाग लवकर पाठव. नववा भाग लवकर पाठव.