नदीने नारळ परत केला

कोक्विटलाम, २३ मार्च

तीर्थरूप उमावन्संना,

माधवीचा वाकून नमस्कार. (वाकणं कागदावरच, गुडघा अजून तयार नाही.) तुमचा दमा कसा आहे? दापोलीची हवा मानवते म्हणता, पण डॉक्टरांकडे जाता की नुसतं म्हणताच? तुमचे भाऊ असते तर त्यांनी फोनवर खडसावलं असतं. ते काम आता माझ्याकडे आलंय, गोड मानून घ्या.

मी ठीक आहे. शंतनू टोरोंटोहून रोज फोन करतो आणि रोज एकच सांगतो: जूनमध्ये हे घर विकायचं आणि मी त्याच्या काँडोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, राहायला जायचं. "आई, बी प्रॅक्टिकल. विंटरमध्ये ड्राइव्हवेवरचा बर्फ कोण शोव्हल करणार?" लेक मायेनेच म्हणतो, म्हणून मी वाद घालत नाही.

आता मूळ गोष्ट. एक एप्रिलपासून इथे मासेमारीचं नवं लायसन्स लागतं. तुमचे भाऊ त्या तारखेची मुहूर्तासारखी वाट बघत. (आमच्या लग्नाच्या मुहूर्ताला पाऊण तास उशिरा आले होते, ते सोडा.) नदीवर जायचं, मासा पकडायचा, त्याच्याकडे बघून हसायचं आणि सोडून द्यायचा. माझ्या माहेरी घरात आलेला मासा परत गेल्याचं कोणाला आठवत नाही, त्यामुळे मला हा प्रकार कधी कळलाच नाही आणि इथल्या चोवीस वर्षांत एकदाही मी त्यांच्याबरोबर गेले नाही. ते गेल्यावर बेसमेंटमधून त्यांची माशांवरची पुस्तकं वर आणली, डिक्शनरी शेजारी ठेवून दोन हिवाळे वाचली, आणि ठरवलं, यंदा गळ आपण धरायचा.

यांचे मित्र बाळ मोघे (वय त्र्याहत्तर, नाव बाळच) मला शिकवतात. पहिला धडा मागच्या अंगणात झाला. गळ मागे नेऊन जोरात फेकला, तो माझ्याच शालीत अडकला. "वहिनी, सीझनचा पहिला कॅच!" बाळभावजी म्हणाले. "नियमाप्रमाणे सोडून द्या."

गेल्या रविवारी आम्ही नदी बघायला गेलो. आपल्याकडे कोळी नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात लोटत नाहीत, मग मीच कशी रिकाम्या हाताने जाऊ? भावजी नको नको म्हणत होते, इथे नदीत काही टाकत नाहीत म्हणून. मी ऐकलं नाही. नारळ पाण्यात सोडला, हात जोडले, डोळे मिटले. उघडले तर समोर हा एवढा काळा कुत्रा, निथळत उभा, तोंडात शेंडीला धरलेला माझा नारळ! त्याने तो माझ्या पायाशी ठेवला. मी पुन्हा सोडला, त्याने पुन्हा आणला. तिसऱ्यांदा मी हात नुसता उचलला तर पठ्ठ्या आधीच पाण्यात. त्याची मालकीण "सॉरी, सॉरी" करत धावत आली, मी "नो, नो, माय कोकोनट" करत राहिले. भावजी म्हणाले, "पोचला वहिनी नदीला. हा प्रसाद. घरी जाऊन चटणी करा."

ती बाई निघाली नदीकाठच्या हॅचरीतली, म्हणजे सॅमनची अंडी उबवून पिल्लं नदीत सोडतात तिथली. भावजींनी माझी ओळख "हेमची बायको" अशी करून दिली. तिने पाण्याकडे बोट दाखवलं, म्हणाली, "हेमने पिल्लं इथेच सोडली होती." येत्या मेमध्ये तीन वर्षं होतील. बादलीभर पिल्लं, बोटाच्या पेराएवढी, तुमच्या भावाने वाकून, एक एक करत. मला घरी येऊन एवढंच म्हणाले होते, "पाणी फार गार होतं."

वन्सं, ती पिल्लं समुद्रात जातात. हजारो मैल फिरतात. आणि वाढून, ह्याच नदीच्या पाण्याचा वास ओळखून परत येतात, अंडी घालतात आणि तिथेच मरतात. (शंतनूला फोनमधली बाई वळणावळणाला सांगत होती, तरी तुमचं घर चुकून तो केळशीला पोचला होता.) पुस्तकात मी हे सगळं वाचलं होतं. पण ते पाणी समोर बघितलं तेव्हा कुठे खरं वाटलं. ती बाई म्हणाली, त्या वर्षीची यंदा ऑक्टोबरात येतील. "ओळखू येतील?" मी विचारलं. नाही म्हणाली, सगळी सारखीच दिसतात, आणि त्यांतली बरीचशी तर परत येतच नाहीत. मी म्हटलं, "मग जी येतील ती सगळी बघीन."

असो. शंतनूचं चुकत नाही. जूनमध्ये मी निमूटपणे जाईन. तुम्ही काळजी करू नका.

तुमची,
माधवी

ता. क. लायसन्स काढलं. वर्षभराचं.

दुसरा ता. क. शंतनू माझं ऐकत नाही, तुमचं ऐकतो. त्याला सांगा, "आत्याला ऑक्टोबरात कोक्विटलामला यायचंय, तोवर घर विकायचं नाही." थाप माझी, पाप माझं.

तिसरा ता. क. थाप मारली म्हणून खरंच यायला हवं असं नाही. पण यांचे गमबूट मला दोन बोटं मोठे होतात, आणि तुम्हा बहीणभावाचा पाय एकाच मापाचा.